जव्हारचा ड्रोन आणि आकाशातील टक्कर टाळणारे कायदे

डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील जव्हारहून झाप या गावी कोविड प्रतिबंधक लशीच्या ३०० मात्रा ड्रोनने पोहोचविण्यात आल्या. अंतर सुमारे २० किलोमीटर. घाटरस्त्याने जे अंतर कापण्यास ४० मिनिटे लागतात, ते ड्रोनने नऊ मिनिटांहून थोड्या अधिक वेळात पार केले. जव्हार-मोखाड्याचे नाव एरवी वृत्तपत्रांत येते ते कुपोषणामुळे, अथवा गरोदर स्त्रीला डोलीत घालून दवाखान्यापर्यंत न्यावे लागल्यामुळे. त्यामुळे या उड्डाणाचे कौतुक झाले ते योग्यच. परंतु लस, रक्त, सर्पदंशावरील औषध अशी ने-आण ड्रोनने नित्याची व्हायची असेल, तर एका प्रश्नाचे उत्तर आधी हवे. त्याच आकाशात एखादे हेलिकॉप्टर आले, तर दोघांना एकमेकांचा पत्ता कसा लागणार?

विमानांच्या बाबतीत हे उत्तर मोठी किंमत मोजून मिळाले आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत ग्रँड कॅनियनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ जण मृत्युमुखी पडले. १९५८ चा विमान वाहतूक कायदा त्यानंतरचा. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस येथे ८२ बळी गेले आणि पुढच्याच वर्षी तीसपेक्षा अधिक आसनांच्या प्रवासी विमानांत टक्कररोधक यंत्रणा बसविण्याची सक्ती करणारा कायदा झाला.

आपल्याकडील धडा सर्वांत भीषण. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ एकमेकांवर आदळले. ३४९ जणांपैकी कोणीही वाचले नाही. कझाक विमानाने १५ हजार फुटांवर थांबावयाचे होते, सौदी विमानाने १४ हजारांवर. दिल्ली विमानतळाच्या तत्कालीन रडारवर विमानाचा ठिपका दिसे, पण त्याची उंची दिसत नसे. कझाक विमान ठरलेल्या उंचीखाली उतरल्याचे नियंत्रकास कळण्याचा मार्गच नव्हता. या अपघातानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने टक्कररोधक यंत्रणा सक्तीची केली.

ही यंत्रणा दुसऱ्या विमानातील ट्रान्सपाँडरला संदेश पाठवून त्याचे उत्तर घेते. ट्रान्सपाँडर नसेल वा बंद असेल, तर तिच्या दृष्टीने ते विमान अस्तित्वातच नसते. एडीएस-बी हे तंत्रज्ञान याच्या पुढचे. विमान उपग्रहांवरून आपले स्थान ठरविते आणि ते स्थान, उंची व वेग कोणी न विचारता सतत प्रसारित करीत राहते. जमिनीवरील केंद्र ते ऐकते. योग्य ग्राहकयंत्र असल्यास शेजारचे विमानही ऐकू शकते. अमेरिकेने बहुतांश वर्दळीच्या आकाशात हे प्रसारण १ जानेवारी २०२० पासून बंधनकारक केले. ऐकणे मात्र ऐच्छिक ठेवले आणि लष्करास सवलत दिली. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण ठार झाले, तेव्हा हेलिकॉप्टरचे हे प्रसारण होत नव्हते. टक्कर झाली ती सुमारे ३०० फुटांवर. जमिनीच्या इतक्या जवळ टक्कररोधक यंत्रणा 'वर जा' अथवा 'खाली या' असे आदेश देत नाही. ऐकण्याचीही सक्ती करणारे आणि लष्कराची सवलत आखडणारे 'रोटर' विधेयक डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सिनेटने मंजूर केले.

हा ३०० फुटांचा आकडा जव्हारसाठी महत्त्वाचा आहे. भारताच्या ड्रोन नियम, २०२१ नुसार हरित क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही. एरवी या उंचीवर विमाने नसतात. पण पूर, वणवा वा रुग्णवाहतूक अशा प्रसंगी हेलिकॉप्टर नेमके येथेच उतरते. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाण्याचा मारा करणाऱ्या विमानाच्या पंखाला एका हौशी ड्रोनने भोक पाडले आणि ऐन गरजेच्या वेळी ते विमान जमिनीवर उभे करावे लागले.

आपले नियम सांगतात की ड्रोनने मानवी विमानापासून दूर राहिले पाहिजे. हेतू उत्तम, पण वैमानिक डोंगराच्या पलीकडे बसलेला असताना ड्रोनने दूर राहायचे ते कशाच्या आधारावर? ड्रोनचे स्थान, उंची, वेग आणि ओळख क्रमांक तत्क्षणी कळविणारे यंत्र, परवानगीविना उड्डाण रोखणारी व्यवस्था आणि आभासी कुंपण या तिन्हींचा उल्लेख नियमांत आहे. मात्र त्यांची सक्ती नियमांबरोबर आली नाही; ती पुढे अधिसूचनेद्वारे करता येईल आणि त्यानंतर किमान सहा महिन्यांची मुदत मिळेल, अशी ती तरतूद. उद्योग वाढावा म्हणून दिलेली ही ढील समजण्याजोगी असली, तरी सर्वांत आवश्यक कलम मागे ठेवणारी आहे.

एडीएस-बी सरसकट प्रत्येक ड्रोनवर बसवावे, हा उपायही चालत नाही. हजारो ड्रोन एकाच वेळी बोलू लागले तर विमानांची रेडिओ वारंवारिताच गजबजून जाईल; म्हणून अमेरिकेने लहान ड्रोनना सामान्यतः ते वापरण्यास मनाई करून वेगळी, कमी पल्ल्याची ओळखप्रणाली दिली. ती हेलिकॉप्टरच्या वैमानिकास दिसत नाही. दोन्हींची माहिती एका पडद्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये ड्रोन वाहतूक व्यवस्थापनाचा धोरण आराखडा प्रसिद्ध केला. माहिती मोबाइल जाळ्यावरून पाठवायची, की ड्रोनने थेट प्रसारित करायची, असे दोन मार्ग असतात. मुंबई-ठाण्यात पहिला पुरेसा ठरेल. मोखाड्यातील ज्या पाड्यांवर फोनला 'रेंज' मिळत नाही, तेथे दुसऱ्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय डोंगराआडचा संदेश दरीत पोहोचत नसल्याने ग्राहकयंत्रे उंचावर, कड्यांवर बसवावी लागतील.

१९३४ च्या विमान कायद्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ड्रोनसाठीच्या स्वतंत्र विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध झाला.