कानांनी वाचलेले भय

सन 1816 च्या पावसाने झोडपलेल्या उन्हाळ्यात, जिनीव्हा सरोवराच्या काठी असलेल्या व्हिला दिओदाती ह्या वाड्यात, लॉर्ड बायरन आणि त्याच्या पाहुण्यांनी जर्मन भूतकथांचा फ्रेंच भाषांतरातला एक संग्रह एकमेकांना वाचून दाखविला, आणि आता प्रत्येकाने अशीच एक कथा स्वतः रचावी असे ठरविले. त्या संकल्पातून तेथील मंडळींपैकी मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी 1818 मध्ये आणि पॉलिडोरीची ‘द व्हँपायर’ ही कथा 1819 मध्ये प्रसिद्ध झाली, हे सर्वश्रुतच आहे. परंतु पाश्चात्त्य भयकथेची ही दोन मूळ पीठे ज्या बैठकीत निर्माण झाली ती मुळात श्रोत्यांची बैठक होती, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. हातात पुस्तक घेणारा वाचक चार पाने उलटून पुढचे संकट आधीच पाहून ठेवू शकतो. ऐकणाऱ्याला ती मुभा नसते, आणि भयाच्या निर्मितीला नेमकी हीच पराधीनता आवश्यक असते.

ही पराधीनता ज्याने पूर्णपणे ओळखली तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातील प्राचीन हस्तलिखितांचा व्यासंगी पंडित एम. आर. जेम्स होय. 1893 च्या ऑक्टोबरात त्याने आपल्या कथा एका विद्वन्मंडळात प्रथम वाचल्या, आणि पुढे नाताळात निवडक स्नेह्यांना मेणबत्तीच्या उजेडात नवी कथा वाचून दाखविण्याचा त्याचा शिरस्ताच पडला. त्याच्या कथांचा पहिला संग्रह 1904 मध्ये निघाला, तरी त्यांची रचना शेवटपर्यंत वाचिक राहिली: दफ्तरे, दस्तऐवज आणि चर्चची जुनी कागदपत्रे ह्यांचे वर्णन करीत शांतपणे चालणारे वाक्य, आणि त्याच शांत स्वरात, आवाज न चढविता, मध्येच उच्चारलेली एक विपरीत गोष्ट.

तथापि जेम्सचा आवाज त्या खोलीच्या बाहेर जाऊ शकत नव्हता. खरे तर एडिसनने त्यापूर्वीच, 1877 मध्ये, ध्वनिलेखनाचे यंत्र सिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात अंधांना सायास न करता ऐकता येतील अशा ग्रंथांना त्याने वरचे स्थान दिले. पण त्याच्या नळकांड्यावर जेमतेम काही मिनिटांचेच बोलणे मावत असल्यामुळे ही योजना अर्धशतकाहून अधिक काळ कागदावरच राहिली.

ती कागदावरून उतरविली ती पहिल्या महायुद्धाच्या एका आपत्तीने. 1916 मध्ये सोमच्या रणांगणावर गोळी लागून इयन फ्रेझर हा तरुण अधिकारी अंध झाला; पुढे अंध सैनिकांसाठी काम करणाऱ्या सेंट डन्स्टन्स ह्या संस्थेचा तो प्रमुख झाला आणि तबकडीवर संपूर्ण पुस्तक कसे उतरविता येईल ह्याचे प्रयोग त्याने चालविले. प्रौढ वयात दृष्टी गमावलेल्या माणसाच्या बोटांना ब्रेलचे ठिपके सहजासहजी वश होत नाहीत, हे त्याच्याइतके कोण जाणणार? दरम्यान अमेरिकेत 1931 च्या कायद्याने प्रौढ अंधांच्या पुस्तकांसाठी दरसाल एक लाख डॉलरची तरतूद झाली. 1933 मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन तबकड्यांना मंजुरी मिळाली, आणि 1934 मध्ये मिनिटाला 33⅓ फेरे घेणाऱ्या, एका बाजूवर सुमारे पंधरा मिनिटांचे वाचन सामावणाऱ्या बोलक्या पुस्तकांचा पहिला संच निघाला. त्या संचात बायबलचे भाग आणि शेक्सपियर ह्यांच्याबरोबर किपलिंगची ‘द ब्रशवुड बॉय’ ही एकाच स्वप्नप्रदेशात भेटणाऱ्या दोघांची अद्भुत कथाही होती, हे पाहून मला फार आनंद होतो. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये अशी पुस्तके निघाली, त्यांत बायबलमधील एका शुभवर्तमानाच्या जोडीला अगाथा ख्रिस्तीची खुनाची कादंबरी होती. म्हणजे अंध वाचकाला केवळ धर्मबोध हवा असतो, हा डोळसांचा समज पहिल्याच वर्षी खोटा ठरला. प्रकाशकांनी व लेखकांनी परवानगी दिली, पण ह्या तबकड्या केवळ अंधांनाच मिळाव्यात ही अट घालून. म्हणून पुस्तक ऐकण्याची कला पुष्कळ काळ ह्या एका समाजाच्याच जोपासनेत वाढली. वाचणाऱ्याने अभिनय करावा की शब्द तटस्थपणे पोचवून स्वतः मागे राहावे, हा वादही प्रथम त्याच समाजात झाला. भयकथेपुरता माझा कौल तटस्थतेकडे आहे. जेम्सची सारी शक्ती तिच्यातच होती.

1952 च्या ऑगस्टात ह्या इतिहासाला एक विलक्षण वळण मिळाले. जे. आर. आर. टॉल्किन हा प्राचीन भाषांचा प्राध्यापक, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहून झाले असूनही ते प्रसिद्ध होत नसल्यामुळे खिन्न मनाने, माल्व्हर्न येथे जॉर्ज सेयर ह्या शिक्षकमित्राकडे राहावयास गेला होता. सेयरने त्याच्यापुढे टेपरेकॉर्डर ठेवला. टॉल्किनने असे यंत्र पूर्वी पाहिलेले नव्हते, आणि आत एखादा सैतान दडला असेल तर तो निघून जावा म्हणून त्याने आधी गॉथिक भाषेतील प्रभुप्रार्थना त्याच्यात म्हटली! मग त्याने आपल्या आधीच्या कादंबरीतील अंधाऱ्या गुहेतल्या कोड्यांचा प्रसंग वाचला, त्यातील गोलम ह्या पात्राचा घशात घोटाळणारा आवाज काढला, अप्रकाशित महाग्रंथातील गीते व उतारे वाचले. आणि ते परत ऐकताना स्वतःच्या लेखनाचा नाद त्याला नव्याने जाणवून त्याचा उत्साह परतला. ग्रंथ 1954 आणि 1955 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या फिती मात्र 1975 मध्ये, त्याच्या निधनानंतर दोन वर्षांनी, कॅडमन कंपनीने तबकड्यांच्या रूपाने बाहेर आणल्या. दोन तरुण स्त्रियांनी 1952 मध्येच स्थापिलेल्या ह्या कंपनीने सर्वसाधारण श्रोत्यांपर्यंत साहित्य नेले, आणि 1954 पासून बेसिल रॅथबोनच्या आवाजात एडगर ॲलन पोच्या कथाही ऐकविल्या.

कॅसेट आल्यावर व्यापार वाढला. 1975 मध्ये कॅलिफोर्नियात बुक्स ऑन टेप ह्या कंपनीने मोटारीतून रोज लांबचा प्रवास करणाऱ्यांना संपूर्ण पुस्तके भाड्याने देण्यास आरंभ केला. परंतु पुढे अनेक प्रकाशकांनी कादंबऱ्या कापूनछाटून दोन-चार कॅसेटींत बसविल्या, आणि अद्भुताचे सर्वांत मोठे नुकसान येथे झाले. कारण अशा कादंबरीत वंशावळी, नकाशे आणि प्रवासातील मुक्काम हेच जग असते. रॉब इंग्लिसने 1990 मध्ये टॉल्किनचा तो समग्र ग्रंथ एकट्याने, गीते स्वतः गाऊन, ध्वनिमुद्रित केला तेव्हाच ही उणीव भरून निघाली.

मराठीत वेताळाच्या गोष्टी आजीच्या तोंडून ऐकणारी पिढी वाचनालयातून भयकथाकार नारायण धारपांकडे वळली, आणि 2017 मध्ये स्टोरीटेल ही ध्वनिपुस्तकांची सेवा भारतात आल्यापासून मराठी कादंबऱ्या पुन्हा कानांकडे येत आहेत. धारपांची भयकथा घाई करीत नाही. परिचित घर, परिचित माणसे, व्यवहाराच्या गोष्टी ह्यांतून ती सावकाश पुढे सरकते. फ्रेझर आणि त्याच्या सोबत्यांनी मागितले होते ते पूर्ण पुस्तक, सारांश नव्हे. मराठी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनीही धारपांचे हे सावकाश आरंभ न छाटता, एकाही परिच्छेदाला कात्री न लावता वाचावेत.