ऐकणे, पाळणे आणि टिकणे

श्रोतेहो, बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं आणि मांजरसुंबा मागे टाकलं, की पुढे चौसाळा येतं. या गावाला पत्र धाडताना आपण वर लिहितो, ‘मुक्काम पोस्ट चौसाळा’. यातला ‘मुक्काम’ आला कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही. आज अशाच काही शब्दांचा इतिहास आपल्यापुढे ठेवायचा आहे. नियमानं वागणं आणि काळाच्या ओघात टिकून राहणं, अशा दोन गोष्टी सांगणारे हे शब्द आहेत. त्यांतले काही इंग्रजी आहेत, काही आपले. शिक्षकांना ते वर्गात उपयोगी पडतील. शेतकरी बांधवांना मात्र त्यांत आपल्या शेताची गोष्ट सापडेल.

इंग्रजीत आज्ञा पाळण्याला ‘ओबे’ म्हणतात. हा शब्द लॅटिन भाषेतून आला आणि त्याच्या मुळाशी आहे ‘ऐकणे’. आपल्याकडे आई म्हणते, ‘पोरगं मुळीच ऐकत नाही.’ पोराचे कान चांगले असतात. सांगितलेलं ते करत नाही, एवढीच तक्रार असते. म्हणजे रोमन माणूस आणि चौसाळ्याची माउली, दोघांनीही आज्ञापालन कानापासून सुरू केलं!

दुसरा शब्द ‘अबाइड’. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता थांबणे, वाट पाहणे. पुढे त्याला ‘बाय’ हे शेपूट जोडून नियमाला किंवा वचनाला धरून राहणे, असा अर्थ रूढ झाला. जो आपल्या बोलण्यापाशी थांबतो, निघून जात नाही, तो वचन पाळणारा. आपण म्हणतो, ‘दिल्या शब्दाला जागला.’ इंग्रज शब्दापाशी थांबतो, मराठी माणूस शब्दासाठी जागा राहतो. कल्पना एकाच घरातली.

तिसरा ‘कीप’. या एका शब्दावर इंग्रज गाय पाळतो, वचन पाळतो, आणि एखादी गोष्ट करीत राहायचं असेल तरी हाच शब्द वापरतो. आपलं ‘पाळणे’ पाहा. गाय पाळायची, पथ्य पाळायचं, नियमही पाळायचा. संस्कृतात ‘पाल्’ म्हणजे रक्षण करणं. तेव्हा नियम पाळणं म्हणजे नुसती मान तुकवणं नव्हे, तर गाईसारखी त्याची निगा राखणं. एक दिवस चारा घालून गाय जगत नाही, आणि एक दिवस पाळून नियम टिकत नाही.

आता ‘कायदा’ आणि ‘कायम’ हे शब्द घेऊ. ऐकायला सख्खे भाऊ वाटतात, पण दोघांची घराणी वेगळी. दोन्ही अरबी. ‘कायदा’ ज्या धातूपासून झाला त्याचा अर्थ बसणे. त्यावरून पाया, बैठक, आणि मग नियम. ‘कायम’ झाला उभे राहणे या धातूपासून. कायदा खाली बसलेला आणि कायम उभा! आपल्या पत्रावरचा ‘मुक्काम’ हा याच कायमचा नातलग. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला, तरी लोकांच्या तोंडी असे कितीतरी शब्द राहिले ते राहिलेच. मराठवाड्यात तर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. त्यामुळे हे शब्द इथे अधिकच मुरले.

आता मुख्य गोष्ट. ‘कंटिन्यू’ म्हणजे चालू ठेवणे, आणि ‘टेनंट’ म्हणजे कूळ. हे दोन इंग्रजी शब्द एकाच लॅटिन धातूपासून निघाले. त्याचा अर्थ धरणे. जो जमीन धरतो तो टेनंट. जे सुटू न देता धरून ठेवलं जातं ते कंटिन्यू. हा निव्वळ शब्दांचा खेळ नाही, हे मराठवाड्यातल्या कुळांना लवकरच कळलं.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादचं संस्थान भारतात आलं. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या, आणि १९५० साली हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. त्यानं ‘संरक्षित कूळ’ असा एक दर्जा निर्माण केला. ठरवून दिलेल्या काळात ज्यानं निदान सहा वर्षं सलग कूळ म्हणून जमीन धरली आणि जातीनं कसली, त्याला हा दर्जा मिळायचा. अशा कुळाला मालकाच्या मर्जीनं सहज उठवता येत नसे, आणि जमीन विकत घेण्याचा हक्कही त्याला कायद्यानं दिला.

समजा, बटईनं शेत करणारे दोघे शेजारी आहेत. दोघांनीही एकूण सहा वर्षं घाम गाळला. पण एकाची वर्षं एकापुढे एक लागून आली, तर दुसऱ्याला मालकानं मधे एक साल शेतातून काढलं. घाम तेवढाच, पण ‘सलग’ या शब्दापाशी दुसऱ्याचा दावा अडला. शिवाय बटईचा व्यवहार बहुधा तोंडी. तेव्हा सलग कसलं हे दाखवायला कागद लागे, आणि कागद वाचायला अक्षर. ते ज्याच्यापाशी नव्हतं त्यानं काय करावं?

कायद्याच्या मराठी नावातला ‘वहिवाट’ हा शब्द म्हणूनच लक्षात ठेवावा. वहिवाट म्हणजे चालत आलेली रीत, आणि वहिवाट म्हणजे जमिनीचा चालू उपभोगही. बांधावरून रोज माणसं गेली तरच पायवाट राहते. चार पावसाळे कोणी गेलं नाही, तर तिथे गवत माजतं.

शिक्षकमित्रांनो, हे शब्द मुलांना नुसते पाठ करायला देऊ नका. जुना सातबारा वर्गात आणा आणि त्यातला एकेक शब्द मुलांकडून वाचून घ्या. आणि शेतकरी बंधूंनो, २०२१ पासून पिकाची नोंद मोबाइलवरून करण्याची सोय झाली आहे. ती दर हंगामात न चुकता करा. कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी एखादा शब्द अडला, तर त्याचा अर्थ विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता दिलेला अंगठा मात्र फार काळ टिकतो.