व्यापारी नांवाची मालकी

बाजारांत माल खपतो तो केवळ गुणांवर नव्हे. तो ओळखीवरहि खपतो. ज्यास अक्षरओळख नसे, तो गिऱ्हाईकहि वाघछाप कोणती व घोडाछाप कोणती हें अचूक सांगत असे. एकोणिसाव्या शतकांत मँचेस्टरहून हिंदुस्थानांत येणाऱ्या कापडाच्या ठाणांवर देवदेवतांचीं व पशुपक्ष्यांचीं रंगीत तिकिटें चिकटविलेलीं असत, तीं याच कारणानें. चित्र हीच त्या मालाची सही होती; आणि जेथें सहीस किंमत येते, तेथें खोटी सही करणाराहि आल्यावांचून राहत नाहीं.

इंग्लंडांत पूर्वीं अशा नकलेविरुद्ध दाद मागावयाची, तर आपली छाप बाजारांत आधींपासून रूढ आहे हें प्रत्येक खटल्यांत नव्यानें शाबीत करावें लागे. ही अडचण दूर करण्यासाठीं १८७५ सालीं नोंदणीचा कायदा झाला. १ जानेवारी १८७६ या तारखेची पहिल्या क्रमांकाची नोंद बर्टन येथील बास या मद्य गाळणाऱ्या कंपनीच्या तांबड्या त्रिकोणाची आहे. माने या फ्रेंच चित्रकाराच्या १८८२ सालच्या प्रसिद्ध मद्यगृहाच्या चित्रांत बाटल्यांवर तोच त्रिकोण दिसतो. एका साध्या आकृतीची कीर्ति त्या काळींच किती दूरवर गेली होती, याची ही साक्ष होय.

हिंदुस्थानांत १८८९ च्या कायद्यान्वयें खोटी छाप मारणें हा गुन्हा होता; परंतु नोंदवही मात्र नव्हती. व्यापारी दस्तनोंदणीच्या कचेरींत आपल्या मालकीचें प्रतिज्ञापत्र नोंदवीत व वर्तमानपत्रांत इशाऱ्याची जाहीर खबर देत. यानें मालकी सिद्ध होत नसे. हक्क सांगितल्याचा केवळ एक पुरावा राही. पुढें १९४० सालीं व्यापारचिन्हांचा कायदा संमत झाला व १९४२ पासून नोंदणी सुरू झाली.

त्याच १९४२ सालीं एका अमेरिकन कंपनीनें आपल्या द्राक्षशर्करेच्या पुडीसाठीं ‘ग्लुकोव्हिटा’ हें नांव नोंदविलें. १९४९ सालीं शांग्रिला या बिस्किटें करणाऱ्या कारखान्यानें ‘ग्लुव्हिटा’ या नांवासाठीं अर्ज केला. एकाचा माल द्राक्षशर्करा, दुसऱ्याचा माल बिस्किटें. शिवाय ‘को’ हें अक्षर गळालेलें. वरवर पाहतां दोहोंचा विरोध नव्हता. मुंबईच्या उच्च न्यायालयांतहि न्यायमूर्तींचीं मतें भिन्न झालीं. अखेर १९५९ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें अर्जदाराविरुद्ध निर्णय दिला. एका नांवाचा निकाल लागण्यास दहा वर्षें गेलीं!

त्या निर्णयांतील दोन मुद्दे आजहि लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, गिऱ्हाईक दोन पुडे शेजारीं ठेवून अक्षरें ताडून पाहत नाहीं. त्याची बुद्धि सामान्य व आठवण अपुरी असते; मनांत राहिलेल्या ठशावर तें माल मागतें. शिवाय बिस्किटांत द्राक्षशर्करा पडतेच, तेव्हां दोन्ही माल एकाच घरचे असा समज होणें स्वाभाविक आहे. दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. ‘ग्लुको’ व ‘व्हिटा’ हे शब्द असलेलीं इतर पुष्कळ नांवें नोंदवहींत आहेत, असें अर्जदारातर्फे दाखविण्यांत आलें. न्यायालयानें उत्तर दिलें कीं, नोंदवहींत नांव असणें म्हणजे तें बाजारांत चालत असणें नव्हे. वही निराळी, बाजार निराळा.

दुसरें उदाहरण औषधांचें. ‘अमृतधारा’ हें नांव विसाव्या शतकाच्या आरंभापासून लाहोरास प्रसिद्ध होतें. ‘लक्ष्मणधारा’ हें औषध १९२३ पासून विकलें जात असे. पंडितास विचारलें तर अमृत व लक्ष्मण यांत काडीचें साम्य नाहीं. परंतु १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अर्थापेक्षां ध्वनीस महत्त्व दिलें व नांवें फसगत होण्याइतकीं सारखीं ठरविलीं. तथापि इतकीं वर्षें तें नांव उघडपणें चालत असतां अमृतधारेच्या मालकांनीं हरकत घेतली नव्हती. म्हणून लक्ष्मणधारेची नोंद समूळ नाकारली गेली नाहीं, ती उत्तर प्रदेशापुरती मान्य झाली. गाफील मालकास कायदा पूर्ण हात देत नाहीं, हा त्याचा बोध.

आज १९९९ चा कायदा अंमलांत असून नोंदणीचें मुख्य कार्यालय मुंबईस आहे. माल व सेवा यांचे मिळून ४५ वर्ग आहेत. लोणचीं-पापड विकणाऱ्या गृहिणीसहि घरबसल्या संगणकावर ही वही फुकट चाळतां येते; शब्द, उच्चार व आकृति अशा तिन्ही मार्गांनीं शोध घेतां येतो. अर्ज मान्य होऊन जाहीर झाल्यावर चार महिन्यांच्या आंत कोणासहि हरकत घेतां येते. नोंद दहा वर्षें टिकते व पुनःपुन्हां वाढवितां येते.

परंतु शोध वहीपाशींच संपवूं नये. ज्यानें नांव नोंदविलेलें नाहीं पण आधींपासून चालविलें आहे, त्याचाहि हक्क कायदा मानतो. म्हणून वही पाहावी, मग बाजार पाहावा. नांव डोळ्यांनीं वाचावें, मग मोठ्यानें उच्चारून ऐकावें. डबे व वेष्टणें छापण्यापूर्वीं हे चार दिवस खर्ची घातले, तर पुढचीं दहा वर्षें न्यायालयाच्या पायऱ्यांवर घालविण्याचा प्रसंग बहुधा येत नाहीं. दुकान उभें करावयास पैसा लागतो. नांव उभें करावयास आयुष्य लागतें. तें दुसऱ्याच्या जमिनीवर तर उभें राहत नाहीं ना, हें आधींच पाहून घेणें यांतच शहाणपण आहे.