सॉकेट तीन भोकांचा आहे, पण अर्थिंग आहे का?

फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात? दुर्लक्ष करू नका. जुन्या चाळी-वाड्यांत पंखा-दिव्यांपुरतं वायरिंग करताना अनेकदा फेज आणि न्यूट्रल या दोनच वायरी टाकलेल्या असत. आज त्याच घरात फ्रिज, वॉशिंग मशीन आणि गीझर चालतात.

अर्थिंग नेमकं काय करतं?
आतली फेज वायर सुटून धातूच्या बॉडीला लागली, तर करंट अर्थ वायरने जमिनीकडे जातो. ही वाट नसेल तर बॉडी २३० व्होल्टवर राहते आणि करंट हात लावणाऱ्या माणसातून जातो.

नुसता सॉकेट बदलून चालेल का?
नाही. तिसऱ्या भोकामागे हिरवी वायर नसेल, तर ते भोक फक्त शोभेचं. उलट सगळं ठीक आहे असा गैरसमज होतो.

हे जुगाड टाळा
• न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडणं: न्यूट्रल कुठे तुटली तर उपकरण चालू असताना त्याच्या बॉडीतच करंट येतो.
• पाण्याच्या पाइपला अर्थ जोडणं: नळाखाली हात धरणाऱ्या शेजाऱ्यालाही शॉक बसू शकतो.
• प्लगची जाड पिन कापणं.

मग योग्य मार्ग कोणता?
१. लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. साध्या टेस्टरवरून ते चांगलं आहे की नाही हे कळत नाही.
२. बोर्डापासून प्रत्येक पॉइंटपर्यंत तांब्याची हिरवी वायर ओढून घ्या. स्वतंत्र घर असेल तर आयएस ३०४३ नुसार अर्थिंगचा खड्डा लागतो. इमारतीत मीटर रूममधल्या अर्थिंगबद्दल सोसायटीला विचारा.
३. सॉकेट आयएसआय मार्कचेच घ्या. गीझरसाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट हवा.
४. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत फरक पडला की ती क्षणात सप्लाय तोडते. एमसीबीला एवढी छोटी गळती कळतच नाही.

लगेच सगळं वायरिंग बदलणं जमत नसेल तर?
आधी आरसीसीबी बसवा. अर्थ वायर नसली तरी ती काम करते. पण तेव्हा माणसाला शॉक बसल्यावरच ती पडू शकते, म्हणून तो अर्थिंगला पर्याय नव्हे. तिचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहा. पडली नाही, तर बदला.

भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाशी आजच बोला, आणि तोवर झिणझिण्या येणारं उपकरण बंदच ठेवा.