शाई लावलेली बोटं

मतदान नाही, निवडणूक नाही आणि तरी पोरांच्या बोटांना शाई! २०११ साली लोणावळ्यात दसऱ्याच्या बाजारात झेंडू घेताना हे पाहिलं आणि बुचकळ्यात पडले. उलगडा आत्याने केला. (ती नाणे मावळात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, घरच्यांना माहीत आहेच.) ती होती पटपडताळणी.

मूळ नांदेडचं. तिथले जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी आपल्या जिल्ह्यातल्या शाळांचा पट तपासला, तर कागदावरची मुलं आणि वर्गातली मुलं यांचा मेळ बसेना. मग सरकारने ३ ते ५ ऑक्टोबर असे तीन दिवस सगळ्या राज्यात एकदमच मोजणी केली. तीच मुलं दुसऱ्या शाळेत नेऊन बसवू नयेत म्हणून शाई. पटावरची सुमारे २० लाख मुलं वर्गात सापडली नाहीत! पटावरच शिक्षकांची पदं ठरतात, पोषण आहाराचा तांदूळ ठरतो. तेव्हा पट का फुगतो हे वेगळं सांगायला नको.

आत्या खूश होती, पण एक गोष्ट तिला खुपायची. "दिवाळीनंतर मोजलं असतं ना, तर माझ्या वर्गातली पाच-सहा पोरंही बोगस ठरली असती." कातकऱ्यांची मुलं ती. दिवाळी झाली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर. खोटी नव्हती, फक्त तिथे नसायची.

तसं तेव्हाही 'डायस' होतंच. पण ते शाळेचे आकडे घ्यायचं, तेही ३० सप्टेंबरचे. पहिलीत किती, त्यात मुली किती. आकडा भट्टीवर गेला तर कुणाला कळणार? २०१५ मध्ये राज्याचं 'सरल' आलं आणि एकेका मुलाची नावानिशी नोंद सुरू झाली. (केंद्राचं यू-डायस प्लस मुलागणिक नोंदीवर आलं ते २०२२-२३ मध्ये.) मूल जिथे जाईल तिथे त्याची नोंद मागोमाग जावी, ही कल्पना मला फार आवडली.

पण आमच्या मावळातल्या पावसात रेंज कुठली! आत्या शाळा सुटली की कामशेतला सायबर कॅफेत जाऊन बसायची. माहिती अर्धी भरली की लाईट जायची. "नावं मला तोंडपाठ आहेत गं, त्या मशीनलाच होत नाहीत," म्हणून वैतागायची. तरी भरली तिने सगळी.

शिवाय तिची एक दोनशे पानी वही होती. कोण कुठल्या भट्टीवर गेलं, मुकादम कोण, पावसाआधी परत येणार का. निवृत्त होताना चार्ज दिला, तेव्हा जनरल रजिस्टरवर ती वही ठेवून तिने दोन्ही नव्या बाईंच्या हातात दिलं.