राजकुमारांचं कोचिंग आणि कोल्हापूरची बोर्डिंगं

दहावीची परीक्षा संपली की कोल्हापुरात चौकाचौकात फलक लागायला सुरुवात होते. व्यक्तिमत्त्व विकास, सभाधीटपणा, नेतृत्वगुण, वेळेचं नियोजन... वयोगट तेरा ते अठरा, कालावधी दहा दिवस, जागा मर्यादित. (जागा कायम मर्यादितच कशा असतात, हे एक कोडंच आहे.) मंडळी, या शिबिरांची टिंगल करायचा अजिबात विचार नाही. पण हा उद्योग काल-परवाचा आहे असं कुणाला वाटत असेल तर ते खरं नाही. याच कोल्हापूर संस्थानात दीडशे वर्षांपूर्वी, एका पाठोपाठ एक, दोन पोरांना 'घडवण्या'चा घाट घातला गेला होता. त्यातला एक विसाव्या वर्षी मेला. दुसऱ्याला आपण राजर्षी शाहू म्हणतो.

पहिल्याची गोष्ट आधी सांगतो, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. शिवाजी महाराज चौथे. जन्म १८६३, दत्तक आले १८७१ मध्ये, म्हणजे आठेक वर्षांचे असताना. गादी त्यांची, पण सत्ता सगळी इंग्रजांची आणि त्यांच्या मर्जीतल्या कारभाऱ्यांची. राजपुत्राला वळण लावायचं म्हणून गोरे पालक नेमले गेले. १८८२ मध्ये महाराजांना वेडं ठरवण्यात आलं. ते खरंच वेडे होते, की छळून तसे केले गेले, यावर तेव्हाच मोठा गदारोळ झाला. 'केसरी' आणि 'मराठा'ने दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर तोफ डागली, बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला, ज्या पत्रांच्या जोरावर लिहिलं ती पत्रं बनावट निघाली आणि टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. हे १०१ दिवस आपल्याला शाळेपासून पाठ असतात. पण ज्या पोरावरून हे सगळं झालं त्याचं पुढे काय झालं, ते मात्र पाठ नसतं. त्याला अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) नेऊन ठेवलं. २५ डिसेंबर १८८३ रोजी राखणीवरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्याचा जीव गेला. ऐन नाताळात.

तीनच महिन्यांनी, १७ मार्च १८८४ ला, त्याच गादीवर कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव दत्तक आला. वय दहासुद्धा पुरं नाही. आई तिसऱ्या वर्षीच गेलेली, १८८६ मध्ये वडील आबासाहेबही गेले. असा हा मुलगा, आणि त्याला घडवणारं सरकार तेच. कोल्हापूरकरांच्या पोटात गोळा आला असेल तर नवल नाही.

या खेपेला मात्र पद्धत बदलली. आधी राजकोटचं राजकुमार कॉलेज, १८८६ ते १८८९. (क्रिकेटवाले रणजी याच कॉलेजचे.) तिथले प्राचार्य चेस्टर मॅकनॉटन थोरल्या विद्यार्थ्यांना समोर बसवून आयुष्यातल्या गंभीर विषयांवर भाषणं देत. ती भाषणं पुढे १८९६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. म्हणजे पौगंडावस्थेतल्या मुलांसाठी व्यक्तिमत्त्व विकासाची व्याख्यानं आणि त्यांचं पुस्तक, हे मॉडेल बरंच जुनं आहे!

मग नेमणूक झाली स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेझर यांची. आयसीएस अधिकारी, वय अवघं पंचवीस. म्हणजे शिष्यापेक्षा दहाच वर्षांनी मोठे. आमच्या कंपनीत नव्या पोराला जो मेंटॉर देतात त्याचंही वय साधारण तेच असतं, आणि ते बरंही असतं. मुक्काम धारवाडला. शिकवणी इंग्रजी, इतिहास आणि राज्यकारभाराची. जोडीला घोडेस्वारी, शिकार, व्यायाम. मग उत्तर हिंदुस्थान, दक्षिण हिंदुस्थान आणि सिलोनचे लांबलचक दौरे. शिक्षकांत रघुनाथराव सबनीसही होते, तेच पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी महाराजांच्या हाती कारभार आला. याच फ्रेझर साहेबांना पुढे म्हैसूरच्या कृष्णराज वडियारांना शिकवायला बोलावलं. अनुभव दांडगा, म्हणून मागणी!

दोन्ही वेळी हेतू एकच होता. इंग्रजांना सोयीचा, शिस्तीतला राजा हवा होता. फरक कशामुळे पडला? माझं मत विचाराल तर अभ्यासक्रमामुळे नाही. शिवाजी महाराज एकटे पडले होते, शाहू महाराज एकटे नव्हते. धाकटे बंधू बापूसाहेब राजकोटलाही बरोबर होते आणि धारवाडलाही. भावनगरचे राजपुत्र भावसिंहजी धारवाडला सहाध्यायी होते. जेवायला, भांडायला, रपेटीला बरोबरीची पोरं होती. सोळा वर्षांच्या मुलाला ही संगत कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त काही देऊन जाते.

आता गंमत बघा. एवढं महागडं कोचिंग घेतलेला माणूस राजा झाल्यावर प्रजेच्या पोरांसाठी काय काढतो? व्याख्यानमाला नाही. तो काढतो राहायची आणि जेवायची सोय.

यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. खेड्यात चार बुकं शिकलेल्या पोराला पुढे हायस्कूल हवं तर कोल्हापूर गाठायला हवं. फी माफ होईलही, पण राहणार कुठे, खाणार काय? गरीब ब्राह्मण मुलाला निदान माधुकरी होती, सात घरी वार लावून जेवायची रीत होती. त्यात अपमान गिळावा लागे, पण पोट भरायचं आणि शिक्षण व्हायचं. कुणब्याच्या, धनगराच्या पोराला कुठला वार आणि कुठली माधुकरी? महाराच्या पोराची तर बातच सोडा.

१८९६ मध्ये महाराजांनी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. काही वर्षांनी बघतात तर आत जवळजवळ सगळे ब्राह्मण विद्यार्थीच. दार सगळ्यांना उघडं होतं, पण दारापर्यंत पोचायची वाट एकाच आळीतून येत होती. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झालेले पी. सी. पाटील तिथल्या पहिल्या मुलांतले. त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०७ मध्ये लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग (मिस क्लार्क म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी), १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी. मध्ये आणखी कितीतरी. जागा, इमारत, अनुदान दरबाराचं आणि चालवायची त्या त्या समाजाने. दसरा चौकात उभं राहिलं की यातली दोन-तीन आजही एका नजरेत दिसतात.

जातवार बोर्डिंगं ही गोष्ट आज वाचायला खटकते. मलाही खटकते. महाराजांना जात मोडायची होती आणि सोय मात्र जातीजातीची केली, हा विरोधाभास आहेच. पण १९०१ मध्ये कुठल्या आईबापाने पोराला 'सगळ्यांच्या' पंगतीला पाठवलं असतं? आधी पोरं शहरात तर येऊ देत, मग पुढचं बघू, असा तो व्यवहार होता. आमच्याकडेही पहिल्या आवृत्तीत अशाच तडजोडी असतात. फरक इतकाच की आमच्या तडजोडीने कुणाच्या पिढ्या घडत-बिघडत नाहीत.

आणि हे 'पुढचं' बघितलं एका पोरानेच. कुंभोजचा भाऊराव पायगोंडा पाटील, जन्म १८८७, मुक्काम जैन बोर्डिंग. तो मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेला. परतल्यावर सांगण्यात आलं, आधी आंघोळ कर, मगच जेवायला बस. त्याने ऐकलं नाही आणि बोर्डिंगातून हकालपट्टी ओढवून घेतली. मग राहायला गेला कुठे, तर थेट महाराजांच्या वाड्यावर! अभ्यासात हा फार चमकला नाही, मॅट्रिकही झाला नाही. आजच्या एखाद्या शिबिराने त्याला कुठल्या गटात बसवलं असतं कोण जाणे.

याच भाऊरावांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत. दळण, स्वयंपाक, झाडलोट आणि शेतातली कामं पोरंच करत. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. शाहू महाराज हे बघायला नव्हते, ते १९२२ मध्येच गेले. १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते या बोर्डिंगचा नामकरण समारंभ झाला. नाव ठेवलं, छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस.