पाल, कोपी आणि पडदा



मार्गशीर्षात जतला यल्लमादेवीची यात्रा भरते. खिलारी बैलांचा बाजार बसतो, कर्नाटकातून आणि सोलापूरकडून माणसे लोटतात, आणि देवळाच्या आसपासच्या माळावर दोन तऱ्हेचे तंबू उभे राहतात. एक व्यापाऱ्यांचे नि खेळवाल्यांचे. दुसरी असतात ती पाले. डोंबारी, नंदीबैलवाले, गोंधळी, कैकाडी अशा कोणाकोणाची ती फाटकी, ठिगळांची पाले. यात्रा उठली की पहिले तंबू गाड्यांवर चढतात आणि कोणाला त्यांची आठवण राहत नाही. दुसरी पाले मात्र दोन दिवस अधिक राहिली, की गावात कुजबूज सुरू होते: ही मंडळी अजून कशी गेली नाहीत?

आमच्या या मुलखात सिनेमासुद्धा पहिल्यांदा तंबूतच आला. जत्राजत्रांतून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीज ज्यांनी पाहिल्या, त्यांना कनातीच्या आत जमिनीवर बसून पाहिलेले चित्र आठवत असेल. म्हणजे सिनेमावाला भटका आणि पालातला माणूसही भटका. एकाचे आम्ही तिकीट काढून स्वागत केले, आणि दुसऱ्याला पाटलाकडे हजेरी द्यायला लावली. ही हजेरी अलंकारिक नव्हे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि जन्माबरोबरच गुन्हेगारीचा शिक्का बसलेली माणसे निर्माण झाली. शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती. स्वातंत्र्य आल्यावर पाच वर्षांनी, १९५२ साली, तो कायदा गेला. पण कायदा रद्द करता येतो, गावाच्या डोळ्यांतला संशय मात्र सरकारी हुकमाने जात नाही. तो कशाने जातो, किंवा निदान बोलका कशाने होतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. आम्ही त्याकडे एका अगदी लहान दाराने शिरणार आहोत: बेघर माणसांच्या तळांवर काढलेले अनुबोधपट, आणि ते काढणारे विद्यार्थी.

परंतु त्याआधी जतची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. जत हे डफळे घराण्याचे संस्थान. १९४८ साली ते विलीन झाले, पुढे दक्षिण सातारा जिल्ह्यात आले, आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. या एकाच जिल्ह्यात पश्चिमेला कृष्णेकाठचा हिरवागार ऊस आहे आणि पूर्वेला जतचा तहानलेला माळ. दिवाळी झाली की या माळावरची कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल अंगावर घेऊन उसाच्या तोडीला जातात. नवराबायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव मिळाले, यावर वेगळे भाष्य नको. पाचट, बांबू आणि ताडपत्री यांची कोपी उभी राहते. पाच-सहा महिने तेच घर. थंडीत कोपीला शेकोटीची ठिणगी लागण्याची भीती, पाण्यासाठी दुसऱ्याच्या विहिरीवर विनवणी, आणि मुलांची शाळा अर्ध्यावर. म्हणजे यात्रेच्या माळावर जो जतकर पालाकडे संशयाने पाहतो, त्याच्याच तालुक्यातला माणूस उसाच्या फडाशेजारी दुसऱ्या गावाच्या संशयाचा विषय होऊन राहतो. आम्हांला हा प्रकार फार बोलका वाटतो. पाहणारा आणि पाहिला जाणारा एकाच तालुक्यात राहतात, फक्त महिने निराळे.

आता चित्रपटाकडे. घर नसलेल्या किंवा घर म्हणण्याजोगे काही नसलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या तोंडाने बोलू द्यावे, ही कल्पना १९३५ साली इंग्लंडात ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ या छोट्या पटात प्रथम ठळकपणे आली. लंडनच्या स्टेपनी भागातले भाडेकरू आपल्या खोल्यांत उभे राहून ढेकूण, उंदीर, ओल यांविषयी बोलतात. पटाला पैसा दिला होता गॅस कंपन्यांच्या संघटनेने. जुन्या चाळी पडल्या, नव्या इमारती झाल्या, तर त्यांत गॅसच्या शेगड्या खपतील, हा हिशेब त्यामागे होता. चांगल्या कामाला नेहमी निखळ हेतूचाच पैसा मिळतो असे नाही. ते असो. पण एक उणीव तेव्हापासून राहिली. भाडेकरू बोलले, लंडनने ऐकले, आणि ऐकणाऱ्यांनी भाडेकरूंशी पुढे काही बोलावे अशी व्यवस्था कोणी केली नाही.

ती व्यवस्था झाली १९६७ मध्ये, कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतातल्या फोगो नावाच्या बेटावर. तिथे कोळ्यांची विखुरलेली गावे होती. ही गावे उठवून लोकांना अन्यत्र नेऊन वसवावे, असे सरकारचे धोरण होते. कोलिन लो नावाचा दिग्दर्शक राष्ट्रीय चित्रपट मंडळातर्फे तिथे गेला. त्याला साहाय्य होते तिथल्या विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे. त्याने एक मोठा पट न काढता सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस लहान पट काढले. एकेका पटात एक माणूस किंवा एक प्रश्न. ज्याचे चित्र घेतले त्याला आधी दाखवायचे, त्याने संमती दिली तरच दुसऱ्यांना दाखवायचे, असा त्याचा नेम होता. मग हे पट गावोगावच्या सभागृहांत दाखवले. एका गावाचे गाऱ्हाणे दुसऱ्या गावाने पडद्यावर पाहिले, आणि आपलेही तेच आहे हे लोकांच्या ध्यानी आले. पुढे तेच पट मंत्र्यांना दाखवले आणि मंत्र्यांचे उत्तर चित्रित करून बेटावर परत आणले. बेट उठले नाही. कोळ्यांनी सहकारी संस्था काढली. केवळ सिनेमाने हे झाले असे आम्ही म्हणणार नाही. लोकांत जिद्द होती आणि विद्यापीठाची माणसे तिथे आधीपासून काम करत होती. परंतु इथे पट हा निरोप्या झाला. ज्याला शेवटचा शब्द म्हणतात तो त्याने कोणालाच दिला नाही. प्रत्येकाचा शब्द दुसऱ्याकडे पोचवला.

आपल्याकडे काय झाले? १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि चित्रपटगृहांत मुख्य खेळापूर्वी सरकारी अनुबोधपट दाखवणे सक्तीचे होते. धरणे, कारखाने, शेतीचे नवे प्रयोग यांची चित्रे आम्ही शेंगदाणे खात पाहिली. फुटपाथावरचा माणूस मात्र त्यात क्वचितच होता. तो पडद्यावर आला तो वेगळ्याच वाटेने. १९८१च्या जुलैत, ऐन पावसात, मुंबईत फुटपाथावरच्या झोपड्या पाडून रहिवाशांना त्यांच्या मूळ गावी धाडण्याचा हुकूम राज्य सरकारने काढला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जदारांपैकी एक जण संगमनेरकडचा चर्मकार होता. गावातले घर पडलेले, मिळकत तुटपुंजी, म्हणून मुंबई गाठलेली; आणि फुटपाथावरची जागा मिळवायलाही गुंडाला पैसे मोजावे लागलेले. न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे ठरवले. त्याच निकालात, आधी सूचना देऊन झोपड्या हटवता येतील, असेही म्हटले. एका हाताने दिले आणि दुसऱ्याने राखून ठेवले. तरीही त्या निकालाचे मोल कमी होत नाही. २०२४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, उघड्यावर तळ टाकून झोपणाऱ्यांना शहराने दंड केला तर तो घटनाबाह्य नाही, असे ठरवले, तेव्हा आम्हांला आपला १९८५चा निकाल पुन्हा काढून वाचावासा वाटला.

त्याच साली आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ आला. झोपड्या पाडणाऱ्या गाड्या, भिजलेले संसार, आणि दुसरीकडे शहर स्वच्छ हवे म्हणणारे सुखवस्तू नागरिक, असे दोन्ही त्यात आहे. या पटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण आमच्या मते त्याचा खरा मान एका वेगळ्याच प्रसंगात आहे. झोपडी गेलेली एक बाई चित्रपट काढणाऱ्यावरच उसळते. तुम्ही आमची चित्रे काढून नेणार, आमच्या पदरात काय पडणार, असा तिचा रोख. दुसऱ्या कोणी हा तुकडा कापून टाकला असता. पटवर्धनांनी तो ठेवला. पुढच्याच वर्षी मुंबईतली एक झोपडपट्टी पाडल्यावर रहिवाशांबरोबर उपोषणाला बसलेल्यांत ते स्वतः आणि अभिनेत्री शबाना आझमी होत्या. बाईच्या प्रश्नाचे ते पुरते उत्तर नव्हे, पण प्रश्न ऐकू आला होता एवढे खरे.

हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे अधिक तीव्र होऊन येतो, कारण विद्यार्थ्याला त्या चित्रांवर गुण मिळतात. पुण्याच्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत माध्यमांचे विद्यार्थी मुंबईच्या वस्त्यांवर आणि गिरणगावावर लघुपट करत आले. तेव्हाच्या अहमदनगरात शिकत असताना नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ केला. तो अनुबोधपट नव्हे, कथा आहे. शाळेची ओढ असलेल्या आणि परिस्थितीने चोरीकडे ढकलल्या जाणाऱ्या मुलाची. त्यालाही राष्ट्रीय सन्मान मिळाला. १९८० साली लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने कैकाड्यांचे बिऱ्हाड मराठी वाचकाच्या घरात आणून ठेवले होते. तरीही पुस्तक एकट्याने वाचायचे असते. पडद्याचा गुण हा, की तो शंभर माणसे एकाच वेळी एकाच ठिकाणी बसवतो, आणि दिवे लागल्यावर त्यांना एकमेकांची तोंडे दिसतात.

आता जतच्या महाविद्यालयातल्या मुलाच्या खिशातच कॅमेरा असतो. खर्चाची सबब गेली. राहिली ती अडचण जुनीच: काढलेले चित्र कोणाला दाखवायचे? बहुतेक लघुपट स्पर्धेला जातात, टाळ्या घेतात आणि संपतात. ज्या पालात तो काढला तिथे तो परत जात नाही. ज्या गावाने कुजबूज केली त्या गावातही जात नाही. पालांना हक्काच्या जागेवर नेण्यासाठी २०११ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. भटक्या कुटुंबाला जागा आणि घर द्यावे हा तिचा हेतू. पण जागा गावात द्यायची, म्हणजे गावाचे मन आले. दाखल्यांची अडचण कागदांनी सुटू शकेल. शेजारी कोण येणार, ही धास्ती समोरासमोर बोलूनच काय ती कमी होते. आणि बोलण्याआधी गावाने पालातल्या बाईचे म्हणणे तिच्या शब्दांत ऐकलेले असावे. तसेच पालातल्या बाईनेही गावाची धास्ती गावाच्याच तोंडून ऐकलेली असावी. फोगोची रीत इथे उपयोगी पडते ती नेमकी यासाठी.

तारखांचीही एक गंमत आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखांत २६ जानेवारी आणि १ मे या दोन्ही येतात. २६ जानेवारीला जतच्या माळावरची माणसे कृष्णाकाठी कोप्यांत असतात. ज्या गावच्या शिवारात ती राहतात, त्या गावच्या ग्रामसभेत त्यांना बसण्याचा हक्क नाही, आणि स्वतःच्या गावची सभा त्यांच्यावाचून होते. १ मेला हंगाम संपून ती परतलेली असतात. एखाद्या विद्यार्थ्याने कोपीतला पट काढलाच, तर तो २६ जानेवारीला उसाच्या गावात दाखवावा. तिथल्या लोकांनी जे उत्तर दिले असेल ते टिपून १ मेला जतच्या गावात आणावे. आणि त्याच सभेत, त्याच पडद्यावर, यात्रेच्या माळावरच्या पालांचा पट लावावा.